इंजिनाचा वाटा

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन चाकाजवळची निपल उघडायची, तेलाबरोबर बुडबुडे निघून गेले की बंद करायची. दाब, धर, सोड. शाळकरी पोरालाही जमेल असं काम आहे. फक्त दोघं हवेत.

मानाजीकडे दुसरं कुणी नव्हतं. म्हणून त्यानं एक बांबू कापला, एक टोक पेडलवर टेकवलं आणि दुसरं सीटखालच्या लोखंडी पट्टीत अडकवलं. पेडल दाबायचं, बांबू अडकवायचा, खाली उतरायचं, गाडीखाली सरपटत जायचं, निपल उघडायची, बंद करायची, पुन्हा बाहेर यायचं, बांबू काढायचा. चार चाकांचं मिळून त्यानं हे बहात्तर वेळा केलं, तेही बासष्ट वर्षांच्या गुडघ्यांनी. बायको प्रमोदिनी असती तर पेडलवर पाय ठेवून बसली असती आणि मांडीवर गवारीच्या शेंगा निवडल्या असत्या. पण ती जाऊन चार वर्षं झाली होती. लेक शिवांगी बंगळुरूला. तिचा फोन रविवारी यायचा आणि साधारण अकरा मिनिटं चालायचा.

देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मानाजीनं चौतीस वर्षं काढली होती. केसाच्या जाडीचा फरक त्याला बोटांनी कळायचा. माणसांमधलं मात्र कोसभराचं अंतर त्याच्या लक्षात यायला वर्षं लागायची. हे त्याला स्वतःलाच आताशा, शेडमध्ये एकटं काम करताना, कळायला लागलं होतं.

गाडी होती चाळीस सालची फोर्ड. मानाजीचे आजोबा संस्थानच्या मोटारखान्यावर होते, आणि संस्थान विलीन झालं तेव्हा ही गाडी त्यांच्याकडे आली. वडिलांनी ती जपली. वडील गेल्यावर दोन भावांच्या वाटण्या झाल्या, त्याला आता बावीस वर्षं होत आली होती. वाटण्या करायला तुकोजीमामा बसले होते. जमीन झाली, भांडी झाली, चांदी झाली, शेवटी गाडी उरली. थोरला मानाजी सोडेना, धाकटा खंडोजी सोडेना. विकून पैसे वाटून घ्या म्हटलं तर दोघंही मामांच्या अंगावर आले. मामा संध्याकाळपर्यंत कंटाळले आणि वैतागून म्हणाले, "मग असं करू. सांगाडा आणि वरची बॉडी मानाजीला, इंजिन आणि गिअरबॉक्स खंडोजीला. झालं समाधान?"

मामांना वाटलं, हे ऐकून तरी दोघं हसतील आणि भानावर येतील. पण हे गाव देवास. एका रस्त्याच्या दोन बाजूंना थोरल्या पातीचं आणि धाकट्या पातीचं अशी दोन राज्यं इथं पिढ्यान्पिढ्या नांदली. अर्धं करणं म्हणजे न्याय, हे इथल्या माणसाच्या हाडात मुरलेलं. मानाजी म्हणाला, "झालं." खंडोजी म्हणाला, "झालं." आठवड्याभरात इंजिन ट्रॉलीवर चढून धारला गेलं. खंडोजी तिथं वीज मंडळात नोकरीला होता. मामा पुढं मरेपर्यंत ही गोष्ट सांगताना कपाळाला हात लावायचे.

त्यानंतर भाऊ भेटले ते लग्नात नाहीतर तेराव्याला. भांडण असं नव्हतंच. त्यांच्या घरची रीतच तशी होती. थोरल्यानं धाकट्याकडे काही मागायचं नाही, त्यात त्याचा कमीपणा. आणि धाकट्यानं थोरल्याला आपणहून काही द्यायला जायचं नाही, त्यात थोरल्याचा अपमान. वडील होते तोवर सगळं त्यांच्या हातून इकडून तिकडे जायचं, म्हणून घर चाललं. ते गेल्यावर दोघं आपापल्या जागी अदबीनं बसून राहिले. प्रमोदिनीच्या तेराव्याला खंडोजी आला, पंगतीत बसला, "येतो, दादासाहेब" म्हणाला आणि गेला. त्या दिवशी तो रात्रीपुरता राहिला असता तर मानाजीला फार बरं वाटलं असतं.

हॉट रॉड हा शब्द मानाजीला मोबाइलवर सापडला. अमेरिकेतले म्हातारे जुन्या मोटारीचं वरचं रूप ठेवतात, आत दुसरं दांडगं इंजिन बसवतात, नको ते कापतात, हवं ते घडवतात आणि खुशाल रस्त्यावर काढतात. मानाजीनं ते एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि शेडमधल्या सांगाड्यावरची ताडपत्री ओढून काढली. शेजाऱ्यांना सांगितलं, वेळ जात नाही म्हणून करतो. ते काही खरं नव्हतं. खरं हे की खंडेनवमीच्या दिवशी गाडी चालवत धारला जायचं आणि खंडोजीच्या दारात उभं राहायचं. बोलावलेलं नसताना जायला निमित्त लागतं. रिकाम्या हातांनी गेलं तर लोक विचारतील, का आलात? गाडी घेऊन गेलं तर म्हणता येतं, गाडी दाखवायला आलो. एवढ्यासाठी माणूस साठी उलटल्यावर बांबू कापत बसला होता.

ब्रेक झाले, स्टिअरिंगचा खेळ काढून झाला. आता इंजिन हवं होतं. अँबॅसेडरचं अठराशे सीसीचं पेट्रोल इंजिन चांगलं बसेल, असं त्यानं ठरवलं. इंदुरात दोन पाहिली, दोन्हींच्या सिलिंडरांत गंज. तिथल्याच एकानं सांगितलं, धारला अर्पितकडे एक आहे, सरकारी गाडीचं, फारसं न चाललेलं. म्हणजे जायचं ते धारलाच! ऑगस्टातल्या एका सकाळी मानाजी पिकअप भाड्यानं करून निघाला.

अर्पितचं भंगाराचं आवार गावाबाहेर होतं. "अंकल, बिल्कुल चालू कंडिशन. इसमें साहब लोग बैठते थे," तो म्हणाला. साहेब इंजिनात बसत नाहीत, हे त्याला सांगायचा मोह मानाजीनं आवरला. त्यानं प्लग काढले, एकेका भोकावर अंगठा दाबून इंजिन फिरवायला लावलं. चारही वेळा अंगठा सारख्याच जोरानं उडाला. झाकणाखालचं तेल बोटावर घेतलं, त्यात पाणी नव्हतं. सौदा झाला. पोरं साखळीनं इंजिन चढवायला लागली, तसा मानाजी चहाच्या टपरीवर जाऊन बसला.

तिथून खंडोजीचं घर दहा मिनिटांवर. मानाजीनं फोन लावला. उचलला बकुळानं, खंडोजीच्या बायकोनं.

"नमस्कार करते, दादासाहेब. हे अमझेऱ्याला गेलेत, माझ्या माहेरच्या शेतावर. संध्याकाळी येतील. काही काम होतं का?"

"काम काही नाही. सहज."

"कुठून बोलताय? फार आवाज येतोय."

"देवासहून," मानाजी म्हणाला. समोरून एक बस गेली, तिच्यावर धार–मांडू लिहिलेलं होतं. "ठेवतो."

चहा तसाच ठेवून तो उठला. असं खोटं का बोललो, हे त्याला परतीच्या वाटेवर इंदूर येईपर्यंत समजलं नाही, आणि भावाला नुसतं भेटावंसं वाटलं हे कबूल करायची लाज वाटली, असं समजलं तेव्हा आणखीच वाईट वाटलं.

देवासला तरुण नावाच्या एकाचं वेल्डिंगचं दुकान होतं. चाळिशीचा, हातानं पक्का, तोंडानं सैल. त्यानं शेडमध्ये येऊन दोरखंडावर टांगलेलं इंजिन सांगाड्यात उतरवून पाहिलं आणि मान हलवली. जुनं व्ही-एट इंजिन रुंद होतं पण आखूड. हे अरुंद आणि लांब. खालचं तेलाचं भांडं सांगाड्याच्या पुढच्या आडव्या पट्टीवर जाऊन बसत होतं. जुन्या इंजिनाच्या दोन्ही बैठका त्याच पट्टीवर होत्या.

"काकासाब, या पट्टी काटनी पड़ेगा. नवी नीचे से लगई दूँगा, मजबूत," तरुण म्हणाला. "पण फेर जूनो इंजिन कभी नी बैठेगो. वो कां हे, असली वालो?"

"धारला आहे. भावाकडे."

"तो मांग लो नी! इत्ती माथापच्ची कायकी?"

तरुणच्या घरी चार भाऊ एकमेकांच्या चपला घालून बाहेर पडायचे. त्याला काय सांगणार? मानाजीनं खिशातला मोबाइल काढला, खंडोजीचं नाव काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिला. मागायचं म्हणजे काय म्हणायचं? 'खंडू, इंजिन दे.' तीन शब्द. चौतीस वर्षांत साहेबाकडेही त्यानं कधी रजा तोंडानं मागितली नव्हती, कागदावर लिहून टेबलावर ठेवायचा. त्यानं मोबाइल परत खिशात टाकला.

"काट," तो म्हणाला.

तरुणनं काळा चष्मा चढवला. पट्टी कापायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बैठकांसकट तो तुकडा जमिनीवर पडला तेव्हा मानाजीनं तो पायानं भिंतीशी सारला.

पुढचं काम मात्र त्यानं मन लावून केलं. नवा गिअरबॉक्स आला म्हणून मागच्या चाकांचा धुरा, म्हणजे अ‍ॅक्सलही अँबॅसेडरचा आला. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा मधला फिरता दांडा मापानं कापून घेतला. ब्रेक पुन्हा उघडले, त्यामुळे बांबू पुन्हा कामाला लागला. सप्टेंबरच्या शेवटी गाडी सुरू झाली आणि पहिल्याच फेरीत पन्नासच्या वेगाला अशी थरथरली की आरसा हातात आला. मानाजीनं चाकं तपासली. दांडा इंदूरला पाठवून तोल करून आणला. थरथर तशीच. आता एकानं गाडी चालवायची आणि दुसऱ्यानं वाकून खाली बघायचं, असं काम होतं. मानाजीनं मोबाइल प्लास्टिकच्या पट्ट्यांनी गाडीखाली बांधला, चित्रण चालू केलं आणि बायपासवर फेरी मारून आला.

घरी येऊन चित्रण पाहिलं तेव्हा उलगडा झाला. दांडा सरळ होता, पण त्याची दोन टोकं जुळत नव्हती. गिअरबॉक्सचं तोंड तीन अंश खाली झुकलेलं, धुऱ्याचं नाक मात्र सात अंश वर उचललेलं. दोन्हीकडचा कोन सारखा असला तर एका सांध्याचा झटका दुसरा खाऊन टाकतो. नसला तर दोघं मिळून गाडीला हाणतात. मानाजीनं पोलादाच्या दोन पाचरी घासून तयार केल्या आणि स्प्रिंगचे पाटे व धुरा यांच्यामध्ये बसवल्या. दुसऱ्या दिवशी गाडी ऐंशीला गेली तरी डॅशबोर्डवर ठेवलेलं रुपयाचं नाणं हललं नाही.

मानाजी बायपासच्या कडेला थांबून एकटाच मोठ्यानं हसला. मग हे कुणाला सांगावं, असा विचार आला आणि हसू आटलं. रविवारी त्यानं शिवांगीला सगळं समजावून सांगितलं, कोन, सांधे, पाचरी. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. "बाबा, मला कुछ समजलं नाही, पण तुम्ही खुश वाटता," ती म्हणाली. "सीट बेल्ट तर आहे ना त्यात?" सीट बेल्ट नव्हता. सोमवारी त्यानं बसवला. दोन बसवले, एक स्वतःला आणि एक शेजारच्या सीटला.

खंडेनवमीला सकाळी त्यानं आजोबांच्या तलवारीची आणि आपल्या पान्ह्यांची पूजा केली आणि निघाला. इंदूर ओलांडेपर्यंत मोटरसायकलवरची पोरं शेजारून चालत होती, फोटो काढत होती. "अंकल, कौनसी है?" विचारत होती. मानाजी हात हलवत होता. धारचा रस्ता लागल्यावर तो एकच वाक्य घोकायला लागला. गाडी दाखवायला आलो. गाडी दाखवायला आलो.

दार बकुळानं उघडलं आणि लगबगीनं पदर डोक्यावर घेतला. खंडोजी आतून आला. तो वाळला होता, चष्मा जाड झाला होता. त्यानं वाकून मानाजीच्या पायांना हात लावला.

"गाडी दाखवायला आलो," मानाजी म्हणाला.

"आधी चहा घ्या, दादासाहेब. मग पूजेला चला. आपण आलात, तर आज पूजा आपल्याच हातून होऊ दे."

मागच्या पडवीत सागवानी ओंडक्यांवर व्ही-एट इंजिन ठेवलेलं होतं. रंग नवा नव्हता, पण धुळीचा कण नव्हता. वर झेंडूची माळ, शेजारी खंडोजीची पकड, टेस्टर आणि एक जुना जंबिया. मानाजी बघतच राहिला.

"दर खंडेनवमीला ह्याची पूजा करतात," बकुळा म्हणाली. "मी म्हणते, अहो, अर्ध्या गाडीची कसली पूजा? तर म्हणतात, बाकी अर्ध्याची दादासाहेब देवासला करत असतील."

मानाजी करत होता. ताडपत्री उचलून, दर वर्षी, बॉडीवर कुंकू लावत होता. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"दर महिन्याला हँडल मारून फिरवतो," खंडोजी खाली बघत म्हणाला. "प्लगच्या भोकांतून तेल सोडतो. जाम होऊ दिलं नाही."

"कशासाठी?"

"तुम्ही मागाल तेव्हा तयार असावं म्हणून."

पूजा झाली. खंडोजी बाहेर येऊन गाडीभोवती फिरला. मडगार्डवरून हात फिरवला. बॉनेट उघडलं आणि नव्या इंजिनाकडे न बघता वाकून थेट खालच्या पट्टीकडे बघितलं.

"कापलंत."

"कापावं लागलं."

"अर्पितनं सांगितलं होतं मला," खंडोजी म्हणाला. "आठ दिवसांनी भेटला तेव्हा. म्हणाला, तुमच्यासारखंच नाक असलेला माणूस देवासला इंजिन घेऊन गेला. इंजिन नेलंत त्याच दिवशी तुमचा फोन आला होता. मी म्हटलं, मागतील. अजून मागतील."

"मग तू करायचास फोन."

"मी कसा करणार, दादासाहेब?"

उत्तर दोघांनाही पाठ होतं. खंडोजीनं बॉनेट हळूच लावलं, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ वाढवला. सगळं नीट, रीतसर. मग मानाजीनं शेजारच्या सीटचं दार उघडलं आणि ते धरून उभा राहिला. 'बस' म्हणायचं होतं. त्याला वाटलं, दार उघडलंय, बसेल. खंडोजी हात पुढे बांधून उभा राहिला. त्याला वाटलं असावं, म्हणतील. थोड्या वेळानं मानाजीनं दार लावलं.

"इंजिन पाठवून देतो," खंडोजी म्हणाला. "आता ठेवून काय करू?"

नको, राहू दे तुझ्याकडे, एवढंच म्हणायला हवं होतं. मानाजी म्हणाला, "बरं."

परतीच्या वाटेवर गाडी पाण्यासारखी चालली. शेजारचा रिकामा पट्टा वळणावळणाला दारावर आपटत होता. घाटाबिल्लोदच्या पुढं मानाजीनं गाडी थांबवून तो सीटभोवती गुंडाळून बांधून टाकला.

तिसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. "किधर उतारूँ, भिया?" ड्रायव्हरनं विचारलं. चार हमालांनी ओंडक्यांसकट इंजिन शेडमध्ये ठेवलं. हँडल सुतळीनं बांधलेलं होतं, बरोबर तेलाचा डबा. टेम्पो गेल्यावर मानाजीनं हँडल लावलं आणि फिरवलं. एका हातानं फिरलं. आतले आठही दट्टे गुळगुळीत सरकले, कुठं अडखळले नाहीत. अशी हयगय न करता बावीस वर्षं कुणी आपली वाट बघत होतं, आणि आपण टपरीवर बसून देवासहून बोलतोय म्हणालो. मानाजी ओंडक्यावर बसला आणि हुंदके देऊन रडला. प्रमोदिनीच्या वेळी लोक होते म्हणून रडता आलं नव्हतं.

मग त्यानं फोन लावला. या खेपेला खंडोजीनंच उचलला.

"पोचलं का, दादासाहेब?"

"पोचलं. खंडू, हे परत ने."

"का? वाटेत काही मोडलं का?"

"काही मोडलं नाही. पण हे इथं राहिलं तर तुझ्याकडे मागायला मला काही उरत नाही."

खंडोजी म्हणाला, "इतक्या वर्षांत कधी मागितलंत?"

"नाही मागितलं. चुकलो."

"मग आता मागा ना."

मानाजीच्या समोर इंजिन, त्यापलीकडे गाडी, दोन्ही आता त्याचीच. त्यानं डोळे मिटून घेतले.

"तू ये," तो म्हणाला. "गाडीसाठी नको. नुसता ये. मला फार एकटं वाटतं रे."